‘न्यायालयमान्य’ फॉरेन्सिक ऑडिओ सॉफ्टवेअर: एका खरेदीची हकिकत

नाशिकमध्ये माझा लहानसा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे आणि त्याच्या जोडीला मी वकिलांना रेकॉर्डिंगचे ट्रान्स्क्रिप्ट तयार करून देतो. या कामात येणारी रेकॉर्डिंग बहुधा शर्टाच्या खिशातल्या मोबाइलवर केलेली असतात. कापड घासल्याचा आवाज, पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि या सगळ्याखाली दबलेले बोलणे, असे त्यांचे स्वरूप असते. ते बोलणे वर आणून देणारे ‘न्यायालयमान्य फॉरेन्सिक ऑडिओ सॉफ्टवेअर’ म्हणून एका विक्रेत्याने मला १ लाख ८५ हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी एवढ्या किमतीला जे विकले, ते प्रत्यक्षात काय निघाले, हे त्याच व्यवसायातल्या लोकांना आणि विशेषतः जिल्हा न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांना कळावे म्हणून लिहीत आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे विक्रेत्याचे नाव देत नाही.

पहिला दावा ‘न्यायालयमान्य’ या शब्दाचाच होता. माहितीपत्रकावर ‘६५-ब प्रमाणित’ असा शिक्काही छापलेला होता. वस्तुतः असे प्रमाणपत्र कोणत्याही सॉफ्टवेअरला मिळत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब चे प्रमाणपत्र हे त्या त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी द्यायचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम ६३ ने घेतली आहे, आणि त्या प्रमाणपत्राचा ‘अ’ भाग नोंद सादर करणाऱ्याने व ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र कधी अनिवार्य आहे आणि मूळ उपकरणच हजर केले तर ते का लागत नाही, हे स्पष्ट केलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकार इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक म्हणून अधिसूचित करते ते विभागांना आणि संस्थांना. विकत मिळणाऱ्या प्रोग्रामला नव्हे. सरकारी प्रयोगशाळाही हेच वापरतात, असे विक्रेत्याने सांगितले होते. त्याचा एखादा खरेदी-आदेश दाखवा म्हटल्यावर ‘गोपनीय असते, सर’ एवढेच उत्तर आले.

तरीही खरेदी झाली ती डेमोमुळे, आणि खरी लबाडी डेमोतच होती. विक्रेत्याच्या माणसाने लॅपटॉपवर एक फाइल लावली. तिच्यात वाहनांच्या गोंगाटापुढे दोन माणसांचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नव्हते. बटण दाबताच तेच बोलणे समोर बसून बोलावे इतके स्वच्छ झाले. हे दोन्ही नमुने, ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’, सॉफ्टवेअरसोबतच्या फोल्डरमध्ये मिळाले होते, म्हणून पुढे त्यांची तपासणी करता आली. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये मी दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवल्या, एकीची लहर उलटी केली आणि दोन्ही एकत्र मिसळल्या. असे केले की दोहोंत जे समान असते ते नाहीसे होते आणि फक्त फरक उरतो. गोंगाट कमी करणारी कोणतीही खरी प्रक्रिया बोलण्याचेही काही कण सोबत खरवडून नेते, कारण बोलणे आणि गोंगाट एकाच वारंवारतेच्या पट्ट्यात मिसळलेले असतात; त्यामुळे उरलेल्या फरकात शब्दांचे तुटके अवशेष ऐकू यायला हवेत. इथे उरला तो फक्त वाहनांचा आवाज, अगदी निर्भेळ, त्यात एकाही अक्षराचा मागमूस नव्हता. याचा एकच अर्थ निघतो: ‘नंतरची’ फाइल हेच मूळ मुद्रण होते आणि तिच्यावर गोंगाट चढवून ‘आधीची’ फाइल बनवलेली होती. डेमोत सॉफ्टवेअरने काहीही स्वच्छ केले नव्हते. बटण दाबल्यावर दुसरी फाइल वाजत होती.

दुसरा नमुना फोनवरच्या संभाषणाचा होता आणि त्याचे बिंग त्याहून लवकर फुटले. ‘आधीची’ फाइल जुन्या मोबाइलवरच्या एएमआर स्वरूपातली होती. या स्वरूपात सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच वारंवारता नोंदवता येते, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे काहीही त्यात साठवलेच जात नाही, आणि कॉलचा उपयुक्त पट्टा तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच असतो. ‘स’ची शीळ मुख्यत्वे ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणूनच अशा कॉलवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते. ‘नंतरच्या’ फाइलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती आहे हे दाखवणारे चित्र, काढला तर प्रत्येक ‘स’ १०,००० हर्ट्झपर्यंत ठळक दिसत होता. जे नोंदवलेच गेले नाही ते स्वच्छ करून वर येऊ शकत नाही. ते एक तर दुसरीकडून आणलेले असते किंवा यंत्राने अंदाजाने रचलेले असते. (आजच्या व्होल्टी, म्हणजे ४-जी जाळ्यावरून होणाऱ्या, कॉलचा पट्टा रुंद असतो, पण एएमआर फाइलला तो युक्तिवाद लागू पडत नाही.)

मग माझ्या स्वतःच्या फाइलींवर हे सॉफ्टवेअर नेमके काय करते, हे पाहणे क्रमप्राप्त होते. त्यातून बाहेर पडलेली वेव्ह फाइल मीडियाइन्फो या मोफत साधनात उघडली, तेव्हा फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या रकान्यात ‘एल-ए-व्ही-एफ’ ही अक्षरे आणि आवृत्तीचा क्रमांक होता. ही एफएफएमपेग या खुल्या प्रोग्रामची खूण आहे. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये खुद्द एफएफएमपेग होते आणि शेजारी आरएनएनॉइजची मॉडेल फाइल होती. आरएनएनॉइज हे ज्याँ-मार्क व्हॅलँ यांनी २०१७ मध्ये खुले केलेले गोंगाट-निवारक तंत्र आहे. ते आवाजाचे २२ पट्टे पाडून दर क्षणी कोणता पट्टा किती दाबायचा ते ठरवते, आणि ऑनलाइन बैठकीत माझ्यामागचा पंखा समोरच्याला ऐकू येऊ नये, अशा कामासाठी ते उत्तम आहे. खुली साधने वाईट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी ती रोज वापरतो, आणि ती विकायलाही परवान्याची आडकाठी नसते. मात्र त्यांची नावे आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. इथे दोन्ही वगळून वर एक निळी चौकट आणि यूएसबी डोंगल (संगणकाला जोडल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही अशी किल्ली) चढवले होते.

पैशांच्या नुकसानीपेक्षा मला गंभीर वाटते ते वेगळेच. एका वकीलसाहेबांनी जमिनीच्या साठेखतातील इसाराविषयीचे रेकॉर्डिंग पाठवले होते. मूळ फाइलमध्ये, हेडफोन लावून, पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ‘पैसे मिळाले नाहीत’ असे वाक्य लागते. या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये ते ‘पैसे मिळाले’ एवढेच उरले होते. याचे कारण तांत्रिक आहे आणि मराठीच्या बाबतीत ते फार घातक आहे: आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो, तिथे बोलणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो, आणि गोंगाट दाबणारी प्रक्रिया सर्वात आधी गिळते ते हेच मंद शेवट. ऐकायला गोड, गुळगुळीत आणि अर्थाने नेमकी उलटी अशी ती फाइल मी मूळ फाइलशी ताडून पाहिली नसती, तर ट्रान्स्क्रिप्टमध्ये काय गेले असते, हे सांगायला नको. एखाद्याच्या जमिनीचा निकाल त्यावर लागला असता.

‘आवाज जुळणी’च्या भागाबद्दल थोडक्यात सांगतो. दोन फाइली टाकल्या की तो टक्केवारी छापतो. एकाच खोलीत, एकाच फोनवर मुद्रित केलेले माझे आणि माझ्या सहकाऱ्याचे आवाज त्याने ‘एकाच व्यक्तीचे’ ठरवले, आणि दोन वेगळ्या फोनांवरचा माझाच आवाज ‘भिन्न’ ठरवला. तो माणसे जुळवत नव्हता, फोन जुळवत होता. ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाच्या गुणगुणीवरून मुद्रणाची वेळ ठरवण्याचा दावाही होता. त्या पद्धतीला त्या काळातील ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, वारंवारतेची नोंद तुलनेसाठी लागते. ती कोठून घेता, या प्रश्नाला आजतागायत उत्तर मिळालेले नाही.

खऱ्या फॉरेन्सिक कामात साधनाच्या नावापेक्षा नोंदीला महत्त्व असते. मूळ फाइलला हात न लावता तिचा हॅश, म्हणजे शा-२५६ सारखा अंकीय ठसा, आधी काढायचा, काम प्रतीवर करायचे, आणि कोणता फिल्टर कोणत्या मापाने व कोणत्या क्रमाने लावला हे असे लिहायचे की दुसऱ्या तज्ज्ञाने तेच केले तर तेच हाती यावे. राम सिंह विरुद्ध कर्नल राम सिंह या १९८५ च्या निकालात ध्वनिमुद्रणासाठी सांगितलेल्या अटींत आवाजाची ओळख, अचूकता, छेडछाडीची शक्यता नसणे आणि आवाज स्पष्ट ऐकू येणे या सर्वांचा समावेश आहे. हे सॉफ्टवेअर शेवटच्या अटीसाठी आधीच्या अटींचा बळी देते. त्यात कोणतीही नोंद निघत नाही, आणि एका सेटिंगमध्ये तर ते मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते.

पैसे परत मागितल्यावर दुसरा सापळा दिसला. माझ्याशी व्यवहार झाला तो सॉफ्टवेअरचा, पण बिलावर ‘प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्य’ असे लिहिलेले होते. वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीला त्यांनी, बिलात नमूद केलेली सेवा दिलेली आहे, असे उत्तर दिले. ग्राहक आयोगापुढेही त्यांचा पहिला आक्षेप हाच आहे की ही व्यापारी हेतूने केलेली खरेदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला जो अपवाद आहे, त्यावर माझी बाजू उभी आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी बिलावर उत्पादनाचे नाव, आवृत्ती आणि परवान्याचा प्रकार लिहून घ्यावा, आणि डेमो फक्त आपण नेलेल्या फाइलवर, आपल्यासमोर, इंटरनेट बंद ठेवून घ्यावा. नकार मिळाला तर तिथेच उठावे.

हेच लोक आता इतर जिल्ह्यांतील वकील संघांत डेमो देत असल्याचे कानावर आले आहे. नाव बदलले असले तरी नमुना तोच असल्यास ओळखता येईल: एक पुरुष आणि एक बाई दुकानाच्या थकलेल्या भाड्यावरून बोलत आहेत, मागे गाड्यांचा आवाज आहे, आणि एकच दुहेरी हॉर्न ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा वाजतो, कारण गोंगाटाचा एक छोटा तुकडाच त्यांनी फाइलभर जोडत नेलेला आहे.