गाडीने मेक्सिकोत जाताना: वर्षाची पॉलिसी आणि कागदपत्रं, वापरानंतरचा अनुभव

लांब वीकेंड आला की सॅन दिएगोतल्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्वतःची गाडी घेऊन तिहुआना, एन्सेनादाला गेलं तर चालतं का? चालतं, आणि बाहा कॅलिफोर्नियात (सीमेला लागून असलेल्या मेक्सिकन राज्यात) तर फार सोपं आहे. पण ‘आपला इथला इन्शुरन्स आहे की’ असं म्हणून जे निघतात, त्यांची मला मनापासून काळजी वाटते. गेले कित्येक महिने मी वर्षाची मेक्सिकन पॉलिसी वापरते आहे, तिच्यावर एक क्लेमही होऊन गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकन पॉलिसीतली थर्ड पार्टीची जबाबदारी मेक्सिकोत धरली जात नाही. काही अमेरिकन कंपन्या सीमेपासून थोड्या मैलांपर्यंत तुमच्या गाडीचं नुकसान भरून देतात, पण समोरच्याला लागलं तर त्या कागदाचा तिथे उपयोग शून्य. मेक्सिकोत परवाना असलेल्या कंपनीचीच पॉलिसी लागते. अपघातात कुणी जखमी झालं, तर दोष कुणाचा आणि भरपाई कोण देणार हे ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवू शकतात. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याच्या आधी दोन ओळी बघा: थर्ड पार्टीची मर्यादा किती, आणि वकील व जामिनाची हमी (तिथे ‘फियान्सा’ म्हणतात) त्यात आहे का. मी मर्यादा तीन लाख डॉलरची घेतली होती. दिवसाच्या हिशोबानेही पॉलिसी मिळते आणि एखाद्याच फेरीसाठी ती ठीक आहे. वर्षातून तीन-चार वेळा जाणं होणार असेल, तर मात्र वर्षाचीच घ्या. पैसे वाचतात हे झालंच, शिवाय शनिवारी सकाळी उठून मनात आलं की निघता येतं. आमचं रोसारितोला जेवायला जाणं त्यामुळेच वाढलं.

आता क्लेमबद्दल. एन्सेनादाच्या मासळीबाजाराजवळ रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही आत बसलो होतो. पुढच्या पिकअपवाल्याने मागे घेताना बॉनेटवर आणि डाव्या दिव्यावर आणून ठोकली. माणूस सज्जन होता, लगेच उतरून आला, त्याच्याकडेही इन्शुरन्स होता. दोघांनी आपापल्या कंपनीला फोन केला. पॉलिसीवरच्या नंबरवर इंग्रजी बोलणारी बाई मिळाली. तिने पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की गाडी हलवू नका आणि क्लेम नोंदवल्याशिवाय सीमा ओलांडू नका. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. घरी पोहोचून सोमवारी निवांत फोन करू, ही इथली सवय तिथे चालत नाही. मेक्सिकोतून बाहेर पडण्याआधी नोंद झाली नसेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

तासाभरात आमच्या कंपनीचा माणूस आला. त्याला ‘अहुस्तादोर’ म्हणतात, आणि मेक्सिकन इन्शुरन्समध्ये तुम्ही पैसे मोजता ते खरं तर या माणसासाठी. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, विंडशील्डच्या कोपऱ्यातला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) पॉलिसीशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिला, रजिस्ट्रेशन आणि लायसन्स पाहिलं. मग समोरच्या कंपनीचा अहुस्तादोर आला. दोघांनी रस्त्यावरच उभं राहून चूक कुणाची ते ठरवलं, आणि मला वर्कशॉपचा पास (दुरुस्तीच्या मंजुरीचा कागद) हातात मिळाला. पोलीस नाही, आरडाओरडा नाही. गाडी चालती होती, संध्याकाळी आम्ही घरी. जबाब स्पॅनिशमध्ये लिहितात, तेव्हा सही करण्याआधी तो भाषांतर करून समजून घ्या. आमच्या माणसाने न कंटाळता ओळ न्‌ ओळ सांगितली.

तक्रार आहे ती यानंतरची. पास समोरच्या कंपनीचा, त्यामुळे दुरुस्ती मेक्सिकोतल्याच वर्कशॉपमध्ये. तिहुआनातल्या कारागिरांचं काम उत्तम झालं, रंगाचा फरक शोधूनही सापडत नाही. पण दिव्याचा पार्ट यायला आठवडे गेले, आणि त्या काळात आमच्या एजन्सीने एकाही ईमेलला धड उत्तर दिलं नाही. पॉलिसी विकताना दहा मिनिटांत कागद पाठवणाऱ्यांनी एवढं तरी करायला हवं होतं.

बारीक अक्षरातलंही वाचा. गाडी पूर्ण चोरीला गेली तर पैसे मिळतात, पण नुसते आरसे किंवा चाकं गेली तर त्यासाठी वेगळं कव्हर लागतं. तोडफोडीचंही तसंच. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा, काही पॉलिसींत ठरावीक रक्कम असते, काहींत गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत. नवी महागडी गाडी असेल तर टक्क्यांचा हिशोब आधीच करून ठेवा. दारू पिऊन चालवली तर कव्हर गेलंच समजा. वाल्ये दे ग्वादालुपेच्या वायनरीजना जाणाऱ्यांनी न पिणारा चालक आधी ठरवावा.

बाकी कागद: पासपोर्ट, लायसन्स, गाडीचं मूळ रजिस्ट्रेशन. गाडीवर कर्ज असेल किंवा ती लीजवर असेल, तर बँकेचं परवानगीपत्र घ्या. बाहात ते कुणी सहसा मागत नाही, पण गाडी देशाबाहेर न्यायची नाही अशी अट करारात असू शकते.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईबाबा बी-२ (पर्यटक) व्हिसावर आले असतील तर तेही येऊ शकतात. सॅन इसिद्रोच्या सीमानाक्याहून पलीकडे एल चापाराल या मेक्सिकन नाक्यावर गेल्यावर लाल-हिरवा दिवा लागतो, हिरवा लागला की कुणी अडवत नाही. तरीही बाजूला गाडी लावून इमिग्रेशनमधून एफएमएम (पर्यटकाचा प्रवेश परवाना) घ्या. जमिनीवरून गेल्यावर सात दिवसांपर्यंत तो फुकट आहे. एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलेला असला तरी आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) चालू असेल, तर तीस दिवसांच्या आत अमेरिकेत परतता येतं, हे बरेच जण ऐकून असतात. पण संपलेल्या व्हिसावर मेक्सिको तुम्हाला आत घेत नाही, तिथे त्यांचाच व्हिसा लागतो.

बाहा द्वीपकल्प आणि सोनोराचा बराचसा भाग सोडला, तर सीमेच्या पट्ट्यापुढे गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागतो. तो बान्हेर्सितो ही लष्कराची बँक देते. मासात्लानला जाताना आम्ही तो नोगालेसच्या दक्षिणेला किलोमीटर २१ च्या नाक्यावर काढला. पासपोर्ट, एफएमएम, रजिस्ट्रेशन, बँकेचं नोटराइज्ड पत्र आणि मालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्ससकट. फी पन्नास डॉलरच्या वर, शिवाय अनामत: २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याआधीच्या गाडीला २००. परवाना १८० दिवसांपर्यंत मिळतो. परत येताना तो बान्हेर्सितोच्या खिडकीवर रद्द करून पावती घ्यायचीच. घाईत तसेच निघून आलात तर मुदत उलटल्यावर अनामत जाते आणि पुढचा परवाना अडतो. उत्तरेकडे येताना ती खिडकी सहज चुकते, तेव्हा शेजारी बसलेल्याला पाटीवर लक्ष ठेवायला सांगा. आमचे पैसे काही दिवसांत कार्डावर जमा झाले.

पॉलिसीचं नूतनीकरण मी त्याच कंपनीकडे केलं आहे, एजन्सी मात्र बदलली. थर्ड पार्टीची मर्यादा पाच लाखांवर नेली आणि तोडफोडीचं कव्हर जोडलं, हप्ता फारसा वाढला नाही. पॉलिसीची छापील प्रत गाडीतच असते, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर ‘आन्हेलेस व्हेर्देस’ या सरकारी मदत पथकाचा ०७८ नंबर तिच्यावरच लिहून ठेवला आहे.