केटल ग्रिल आणि तापमान नियंत्रक : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात, घरी पाहुणे जमलेले असताना, माझ्या केटल ग्रिलच्या तापमान नियंत्रकाच्या प्रोबने, म्हणजे ग्रिलमधली उष्णता मोजणाऱ्या वायरीच्या टोकावरील दांडीने, मान टाकली. त्यानंतर बराच पत्रव्यवहार झाला आणि अखेर सेवा केंद्राचे उत्तर आले, की वायर ग्राहकाच्या हाताळणीमुळे दबली असल्याने प्रोब वॉरंटीत बसत नाही. हा अनुभव लिहिण्याचे तात्कालिक कारण ते उत्तर आहे.

माझी ५७ सेंटिमीटरची केटल म्हणजे गोल भांडे आणि घुमटाकार झाकण असलेली कोळशाची शेगडी; हवेसाठी तिला खाली एक आणि झाकणावर एक झडप असते. तिच्यात मी रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, मंद आचेवर धुरात तासन्‌तास शिजवतो. पंखेवाला नियंत्रक खालच्या झडपेला जोडतात आणि लावलेले तापमान राखण्यासाठी तो निखाऱ्यांना हवा देतो. आता थेट वायरीकडे वळतो. प्रोब जाळीवर अडकवायचा आणि त्याची वायर बाहेरच्या डबीला जोडायची, एवढे माहितीपत्रकात लिहिलेले आहे. पण ती वायर बाहेर काढायची कुठून, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. झाकण ठेवले की वायर झाकणाच्या आणि भांड्याच्या कडेमध्ये चेपते. माझ्या प्रोबचे स्टीलचे विणकाम नेमके त्याच जागी चपटे होऊन त्याचे तंतू बाहेर आले होते. १९५२ मध्ये शिकागो परिसरातील जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचा गोल वापरून पहिली केटल तयार केली, तेव्हा प्रोब नावाची वस्तू कोणाच्या गावीही नव्हती, त्यामुळे मूळ आकाराला दोष देता येत नाही. परंतु जी कंपनी आपला नियंत्रक खास केटलसाठी म्हणून विकते, तिने वायरीला वाट द्यायची नाही आणि वायर दबली की ग्राहकाकडे बोट दाखवायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

याच वायरीमुळे दुसरा दोषही निर्माण होतो आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. वायर जिथून जाते तिथे तिच्या दोन्ही बाजूंना झाकण किंचित उचललेले राहते आणि त्या फटीतून हवा आत शिरते. नियंत्रकातील पंखा निखाऱ्यांना वारा घालू शकतो, आत आलेली हवा काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे ११० अंश लावून ठेवले आणि पंखा थांबला, तरी आकडा १३० च्या पुढे सरकत राहतो, आणि एकदा भांडे तापले की ते सहजासहजी खाली येत नाही. इतके पैसे मोजून आणलेले यंत्र हे सर्व निमूटपणे पडद्यावर दाखवत राहते.

प्रोब गेल्यानंतर उरलेला मे महिना नियंत्रकाशिवाय काढला आणि त्या काळात माझे ठाम मत झाले, की ही खरेदी निव्वळ चैन होती. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या वड्या) भांड्याच्या कडेने अर्धवर्तुळाहून थोड्या जास्त लांबीत, दोन ओळींत व दोन थरांत मांडाव्यात, एका टोकाला मोजके निखारे ठेवावेत आणि मोकळ्या बाजूला पाण्याचा ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवावा. आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकते, आणि ट्रेमधील पाणी १०० अंशांच्या वर जात नसल्यामुळे जास्तीची उष्णता शोषून चढउतार सौम्य करते. वरची झडप अर्ध्याहून अधिक उघडी ठेवून सारे नियंत्रण खालच्या झडपेने करावे, कारण वरची बंद केली की धूर आत कोंडून मांस कडवट होते. झडप हलवल्यावर दहा-पंधरा मिनिटे हात आवरता आला पाहिजे. जाळीवर ठेवलेला साधा ओव्हनचा थर्मामीटर पाच तास १०७ ते १२० अंशांच्या दरम्यान राहिला. झाकणावरची तबकडी त्याहून बरेच वेगळे आकडे दाखवते, कारण ती घुमटातील हवा मोजते. तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

नेरूळला पावसाळा सुरू झाला आणि हे मत मला बदलावे लागले. आमच्या सिडकोच्या रो-हाऊसमागे पत्र्याचा आडोसा आहे, त्यामुळे पावसाचा थेट त्रास नाही. पण खाडीकडून येणारा वारा एका घटकेला जोरात असतो आणि दुसऱ्या घटकेला पडतो, शिवाय झाकणाच्या पिंपात ठेवलेला कोळसाही दमट होतो. असा कोळसा आधी पांढरा धूर सोडतो, तडतडतो आणि मध्येच मंदावतो. दर दहा मिनिटांनी झडपेशी वाकून कंबर धरली, तेव्हा पंख्याची किंमत कळली. शेवटी नवा प्रोब स्वतःच्या पैशाने मागवला. आता त्याची वायर वरच्या झडपेच्या छिद्रातून आत सोडतो. झाकण नीट बसते, आकडा ११० च्या आसपास टिकतो आणि पंखा जेमतेम चालतो. हा उपाय माहितीपत्रकात एका ओळीत देता आला असता.

रिब्जविषयी तक्रार नाही. कोल्ड स्टोरेजमधून आणलेल्या पोर्क रिब्जच्या हाडांकडील पापुद्रा कागदी रुमालाने पकडून ओढून काढतो. तो राहिला तर चामड्यासारखा चिवट लागतो. मीठ, मिरी, काश्मिरी मिरची आणि गूळ पावडर एवढा मसाला पुरतो, कारण या तापमानाला गूळ करपत नाही. धुरासाठी आंबा किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे सुरुवातीलाच ठेवतो, कारण मांस थंड आणि ओलसर असताना धूर सर्वांत चांगला धरते. वेड्या बाभळीचे लाकूड फुकट मिळते आणि ती अमेरिकेत धुरासाठी वापरल्या जाणाऱ्या मेस्क्वीट झाडाच्याच कुळातली आहे, पण तिचा उग्र धूर पाच-सहा तासांच्या शिजण्याला झेपत नाही. ७० अंशांच्या आसपास पृष्ठभागावरील बाष्पीभवनामुळे आतले तापमान रेंगाळते, तेव्हा रिब्ज फॉइलमध्ये गुंडाळतो. शेवटच्या अर्ध्या तासात फॉइल काढून चिंच-गुळाचा लेप लावतो. चिमट्याने एका टोकाकडून उचलल्यावर पट्टी वाकून वरच्या थराला भेगा पडल्या, म्हणजे झाले. त्या वेळी आतला आकडा बहुधा ९० ते ९५ असतो.

बोकडाचा सीनाही (छातीकडचे मांस) याच पद्धतीने करून पाहिला. त्यात चरबी कमी असल्याने तो लवकर गुंडाळावा लागतो.

शेजारच्या इमारतीतील काहींनी बंदिस्त बाल्कनीत अशी ग्रिल चालेल का, असे विचारले. अजिबात चालणार नाही. जळत्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

केटल जरूर घ्यावी. नियंत्रक घ्यायचा असल्यास पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला दुकानातल्या केटलवर प्रोब बसवून झाकण लावून दाखवायला सांगावे. जुना प्रोब मी टाकलेला नाही. चपटी वायर स्पष्ट दिसेल असा त्याचा फोटो काढून तक्रार पुन्हा पाठवली आहे.