कार्बन चाकांच्या नावाखाली ६५,४५० रुपयांना गंडवलं. नागपूरच्या सायकलवाल्यांनो, वाचा

तीन आठवडे गप्प होतो. लाज वाटत होती. पण परवा सकाळी फुटाळा तलावावर आपल्यातलाच एक पोरगा मला फसवणाऱ्या त्याच विकणाऱ्याला टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, पाठवायच्या बेतात दिसला, म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो की मी नवखा नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तेव्हापासून मी रोड बाइक चालवतोय. ‘सायकलला साठ हजाराची चाकं?’ हे घरी ऐकलं, पोलीस ठाण्यातही ऐकलं. हो, साठ हजाराची. बाइकसोबत आलेली अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांची जोडी १,९५० ग्रॅमची आहे, पण अडचण वजनाची नव्हती. सेमिनरी हिल्स सोडली तर आपल्याकडे चढ कुठे आहे? वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालं की भांडण एकट्या वाऱ्याशी. ताशी तीसच्या वर गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, तिथे वजनापेक्षा रिमची (चाकाच्या कड्याची) खोली जास्त कामी येते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते, म्हणून पन्नास एमएम खोल रिमची कार्बन जोडी हवी होती. नवी घ्यायची तर लाखाच्या वर. तीन वर्षं पैसे साठवत होतो.

विकणारा स्वतःला पुण्याचा म्हणवायचा. ‘४०० किलोमीटर चाललेली’ जोडी, ६२,००० रुपये. अन् बोलणं असं की कोणीही फसेल. मागचा थ्रू अ‍ॅक्सल (चाकाचा दांडा) १२ बाय १४२ आहे ना, फ्रीहब (मागचे गिअर बसतात तो भाग) शिमानोच्या ११ स्पीडचं चालेल ना, हे त्यानेच विचारलं. मी साठ एमएमचं काढलं तर म्हणाला, ‘नका घेऊ भाऊ, आडव्या वाऱ्यात हँडल ओढलं जातं.’ बरोबर सांगितलं होतं त्याने! चोर असा बोलतो का, असं मला वाटलं.

आता तो फोटो. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यापायी. मागचं चाक वजनकाट्यावर, आकडा ७४८ ग्रॅम. आणि चाकावर ११-३४ ची कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) चढवलेली, ब्रेकची डिस्कसुद्धा लावलेली. ती कॅसेटच साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोन्ही वजा केले तर चाकाला जेमतेम तीनशे ग्रॅम उरतात, आणि पन्नास एमएमची नुसती रिमही तेवढ्यात होत नाही. हे मला दिसलं होतं. मी विचारलंही होतं. तो म्हणाला, ‘आकडा आधीचा होल्ड केलेला आहे, कॅसेट नंतर लावली.’ मी ‘ठीक आहे’ लिहिलं. काट्यावर पुन्हा ठेवून व्हिडिओ पाठव, एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही. चाकं हातची जातील ही भीती होती, दुसरं काही नाही.

टोकन १२,४०० रुपये. पॅकिंगचा फोटो आल्यावर २७,६००. कुरिअरची पावती आल्यावर उरलेले २२,०००. मग ‘परत मिळणारा विमा’ म्हणून ३,४५०. यूपीआयवर नाव भलत्याच ट्रेडर्सचं येत होतं, तर म्हणे मेहुण्याचं खातं. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, मेहुणा असो की सख्खा भाऊ.

खोका आला, आणि मी उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, सील दाखवून, न थांबवता. आत कार्बनसारखी दिसणारी चाकं होती. माझ्या मेकॅनिकने रिमवर टिचकी मारली, तर टणटण वाजली. नखाने कड खरवडली अन् काळा व्हिनाइल सोलून हातात आला. खाली जुनं अ‍ॅल्युमिनियम. जोडी भरली २,०८० ग्रॅम, माझ्या जुन्या चाकांपेक्षा जड! मागच्या रिमला स्पोकच्या भोकाजवळ तडा. पुलाच्या उतारावर ती रिम फाटली असती तर?

आणि आता खरी गोम. त्याने भंगार उगाच नाही पाठवलं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवून ठाण्यात गेलो, तर साहेब म्हणाले, ‘माल मिळाला ना? मग हा ग्राहकाचा वाद, ग्राहक आयोगात जा.’ तिथे विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि कुरिअरच्या पावतीवरचा पत्ता खोटा. पत्ता शोधून द्या म्हणायला परत ठाण्यात, तर ‘त्यासाठी गुन्हा दाखल असावा लागतो.’ मग करा ना दाखल! ‘तो होत नाही, माल मिळाला आहे.’ बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. चार चकरा, तीन रजा, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच, सायकलला एवढे पैसे? सोनं घेताना फसलेल्याला विचारता का, की दागिना कशाला हवा होता?

खोटी वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). हे कलम अर्जात लिहा. तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. मला ती तिसऱ्या चकरेला मिळाली. १९३० ला पहिल्या तासात फोन करा. मी दोन दिवस त्याच्याशीच भांडत बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मी ती करणार आहे, पत्ता मिळो न मिळो.

जुनी चाकं घ्यायचीच असतील तर हातात घेऊन, आपल्या काट्यावर, कॅसेट-डिस्क-टायर काढून. सिरियल नंबर मागा आणि कंपनीला ईमेल करून विचारा. गाडीभाडं लागलं तरी स्वतः जा. पुण्याला जाऊन यायला मला ३,४५० रुपयांच्या आत जमलं असतं.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, किंमत ५८,०००. फोटो तोच, ७४८ ग्रॅम, कॅसेट चढवलेली.