टोकदार, गोल की चपटे? एअर रायफलच्या छर्र्यांचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. 4.5 मिमीच्या साध्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलसाठी टोकदार छर्रे घेऊ नका. दहा मीटरवर कागदी टार्गेट मारायचं असेल तर चपट्या डोक्याचे घ्या, पंचवीस मीटरपर्यंत जायचं असेल तर गोल डोक्याचे. आणि डबा उघडल्यावर छर्रा उलटा करून आधी त्याचा मागचा घेर बघा.

माझी रायफल देशी आहे, नळी वाकवून भरायची. 4.5 मिमीची आणि छर्र्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आतली असल्यामुळे शस्त्रपरवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र द्यावं लागतं एवढंच. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली आणि तेव्हापासून बहुतेक शनिवार-रविवार चालवतोय. दहा मीटरचा सराव बालेवाडीकडच्या एका खासगी रेंजवर, आणि लांबचा सासवडच्या बाजूला मेव्हण्याच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध घेऊन. पक्ष्यांवर चालवायला घेत असाल तर पुढचं वाचू नका. तो गुन्हा आहे, आणि मलाही त्यात काडीचा रस नाही.

रायफल घेतली तेव्हा दुकानदाराने सोबत टोकदार छर्र्यांचा डबा पुढे केला. "पॉइंटेडच न्या साहेब, आरपार जातं." पुण्यात जिथे जिथे विचारलं तिथे हेच ऐकलं. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवल्यापासून रेंजवर नवी पोरं बरीच दिसतात, त्यांच्या हातातही हेच डबे असतात. (तो 50 मीटर थ्री पोझिशनचा खेळाडू, तिथे .22 ची काडतुसं लागतात. आपल्या छर्र्यांचा त्याच्याशी संबंध नाही, पण दुकानात हे कोण सांगणार?)

टोकदार छर्र्याने दहा मीटरवरही ग्रुप जमत नाही. पाच मारले की तीन शेजारी शेजारी बसतात आणि दोन कुठेतरी भरकटतात, तेही दर वेळी वेगळ्या दिशेला. त्याच रायफलने, त्याच टेकूवरून चपटे छर्रे मारले तर पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. कारण अगदी साधं आहे. शिसं मऊ. टोक बरोबर मध्यावर आलेलं नसतं, आणि आलं असलं तरी डब्यात खडखडून वाकतं. वजन मध्यापासून जरा सरकलं की गिरकी घेताना छर्रा लडखडतो. हवा कापायचं म्हणाल, तर आपल्या रायफलचा वेग आवाजाच्या वेगाच्या आतच असतो. तिथे टोकाचा काही फायदा नाही, उलट गोल डोकं वेग जास्त टिकवतं.

चपट्या डोक्याचं कौतुक कागदावर दिसतं. पंचिंग मशीनने मारल्यासारखं स्वच्छ, काठ न फाटलेलं भोक. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, अख्खं टार्गेट 45.5 मिमीचं. कागदी टार्गेटवर गुण मोजताना भोकाचा काठ कुठे लागला यावरच सगळं ठरतं, त्यामुळे स्पर्धेत हेच छर्रे वापरतात. पण शेतात पंचवीस मीटरवर नेले की त्यांची हवा निघते. सपाट डोक्याला हवेचा विरोध जास्त, वेग भराभर पडतो आणि जरा वारा असला की ग्रुप पसरतो. तिथे जेएसबी कंपनीचे 8.44 ग्रेनचे, म्हणजे साधारण 0.55 ग्रॅमचे, गोल डोक्याचे छर्रे माझ्या रायफलला सगळ्यात जास्त मानवले.

आता मागच्या घेराबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या ठासणीच्या रायफलींची अडचण अशी होती की गोळी तोंडाकडून भरायची, म्हणून ती नळीपेक्षा बारीक हवी. पण बारीक गोळी नळीच्या आतल्या आट्यांना, म्हणजे पिळदार खाचांना, धरत नाही आणि फिरत नाही. मग तेलकट कापडात गुंडाळून ती गजाने ठोकत आत बसवायची. नेम चांगला लागायचा, पण भरण्यात वेळ फार जायचा. 1849 मध्ये फ्रेंच कॅप्टन मिनिए यांनी यावर तोड काढली. मऊ शिशाची, लांबट शंकूच्या आकाराची आणि मागून पोकळ गोळी. भरताना ती सरकन खाली उतरायची. दारू पेटली की धुराच्या दाबाने तिचा मागचा घेर फुगायचा आणि आट्यांमध्ये रुतायचा. 1853 च्या नमुन्याची .577 इंची एनफिल्ड याच घराण्यातली. 1857 साली जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला, तीच.

आपला छर्रा नळीच्या मागच्या बाजूने भरतात, पण तत्त्व बरंचसं तेच. मध्ये कंबर बारीक, मागे पातळ घेर. पिस्टनने दाबलेली हवा त्या पोकळीत शिरते, घेर नळीला घट्ट टेकतो, हवा निसटत नाही आणि आटे छर्र्याला फिरवतात. हा घेर एका बाजूने चेपला असेल तर पुढचं डोकं कितीही सुबक असो, छर्रा वाकडाच जाणार. स्वस्त डब्यांतला खरा दोष हाच. एका ऑनलाइन दुकानाकडून मागवलेला एक डबा तर वाटेत असा आपटला होता की निम्मे छर्रे टाकून द्यावे लागले. तक्रार केली, त्यावर "उत्पादनात दोष नाही" एवढं उत्तर आलं.

म्हणून निवडून घेतो. काचेवर छर्रा आडवा ठेवून हलकी टिचकी मारायची. चांगला असेल तर एका बाजूला सुरेख वळण घेत घरंगळतो, चेपलेला अडखळतो. सुरुवातीला हे काम मी स्टीलच्या ताटात करत होतो. आई म्हणाली, "तांदूळ निवडतोयस का रे?" शिसं आहे म्हटल्यावर तिने ते ताट परत घरात घेतलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

मापाचंही बघा. डब्यावर 4.50, 4.51, 4.52 असे आकडे असतात. ते डोक्याचं माप. अंगठ्याने ढकलल्यावर जरासा विरोध करून छर्रा नळीच्या काठाशी सपाट बसला तर माप जमलं. आपोआप आत घसरला तर सैल, नखाने रेटावा लागला तर घट्ट. एकाच कंपनीच्या दोन रायफलींना वेगवेगळं माप मानवू शकतं, त्यामुळे मित्राचं ऐकून एकदम चार डबे घेऊ नका.

बाकी रायफलबद्दल थोडक्यात. पुण्याच्या पावसात नळीवर तांबूस डाग लगेच धरतात, तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावी. मात्र शिलाई मशीनचं तेल हवेच्या चेंबरमध्ये जाऊ देऊ नका. दाबाने ते पेटतं, धूर येतो, मोठा आवाज होतो आणि सील जातं. छर्र्याशिवाय चाप ओढायचा नाही, पिस्टन नुसताच जाऊन आदळतो. आणि खांद्याला घट्ट आवळून धरू नका. स्प्रिंगची रायफल आधी मागे, मग पुढे असा धक्का देते, हात सैल ठेवला तर ती दर वेळी सारखीच हलते.

चांगले आयात छर्रे देशी डब्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतात आणि पुण्यात हवं ते माप नेहमी मिळत नाही. मी दहा मीटरच्या सरावाला देशी चपटे निवडून वापरतो, शेतात गोल डोक्याचे आयात. टोकदार डब्यातले उरलेले भाच्याला दिलेत, बांधासमोर मी शेजारी असताना डबे उडवायला. डबा मोठा असतो, त्यामुळे त्याची तक्रार नाही.