भंगारातली फ्रेम की क्रोमोली?

जुन्या धाटणीची २० इंची बीएमएक्स (उड्या-कसरतींची छोटी सायकल) गोठ्याच्या कोपऱ्यात जोडून उभी करायची, तर पहिला प्रश्न फ्रेमचा. दारव्ह्याकडे भंगारात पोरांच्या सायकलची फ्रेम किलोवर मिळते. साधं पोलाद, वजनाला जड. पण नळी जाड, म्हणून गावचा वेल्डरही बेधडक जोडतो. ४१३० क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, त्याची फ्रेम हलकी अन् चिवट, नळीचा पत्रा मात्र जेमतेम १ मिमी जाड. शेतातले मोटारपंप सुरू झाले, व्होल्टेज पडलं, की वेल्डिंगचा आर्क अडखळतो अन् नळीला भोक. माझ्या हेडट्यूबशेजारी (हँडल बसतं ती पुढची नळी) तुरीच्या दाण्याएवढं आहेच. क्रोमोलीला टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाचं, वायूच्या आडोशातलं बारीक वेल्डिंग) किंवा पितळी ब्रेझिंगच (पितळ वितळवून केलेला जोड) हवं, अन् जोड आपोआप गार होऊ द्यायचा. घाईत पाणी ओतलं की ठिसूळ झालाच समजा. बाजारात मिरवायला भंगारवाली झकास. बांधावरून उड्या मारणाऱ्याने मात्र क्रोमोलीसाठी पैसे साठवावे.