गुजरीतल्या सोनारानं बघितलेली तीन डेंटल कॉलेजं

लेकीला नीटमध्ये मार्क पडले ते एमबीबीएसला कमी आणि बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला, बऱ्यापैकी. निकालानंतर पहिली चूक आम्ही केली ती म्हणजे एका मार्गदर्शनवाल्याचं ऑफिस गाठलं. 20 हजार घेऊन त्यानं गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी रंगीत प्रिंट काढून हातात दिली. ती सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर फुकट असते, हे आठवड्यानं कळलं. त्या ऑफिसला माझ्याकडून शून्य.

आपल्या कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याला जोडून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण सरकारी डेंटल नाही. सरकारी बीडीएस म्हणजे मुंबई, नागपूर, संभाजीनगर असं लांब जायचं. जवळ म्हणाल तर नवे पारगाव, सांगली, कराड, आणि हद्दीपलीकडं बेळगाव. यातली काही अभिमत विद्यापीठाची, त्यांचे प्रवेश एमसीसीतून, म्हणजे केंद्राच्या दिल्लीतल्या प्रवेश समितीतून. महाराष्ट्रातल्या बाकीच्या खाजगी कॉलेजांचे सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून. हा फरक वरवर कागदी वाटतो, पण खिशावर पडतो. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना राज्य सरकारनं शिक्षण शुल्क माफ केलंय, पण ते कॅपमधून गेलं तर. अभिमतला नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. आणि खाजगी कॉलेजची फी ऐकीव धरू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार आकडा असतो.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता माल बघूया. आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पावतीवरनं दागिना कुणी घेत नाही. तीन कॉलेजं बघितली, तिन्ही साध्या कामाच्या दिवशी, सकाळी 11 च्या सुमाराला, कुणाला न सांगता. नावं लिहीत नाही, कारण एका दिवसात बघितलेल्यावर कुणाची पाटी काळी करायची नाही.

पहिल्याची इमारत बघून लेकीची आई म्हणाली, "हितंच घालूया." काचा, एसी, रिसेप्शनला फुलं. वर गेलो तर खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, बऱ्याच खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. पेशंट मोजून सात. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एका पोरानं चहा पिता पिता खरं सांगून टाकलं, "काका, पेशंट आम्हीच आणतो. रिक्षाचं भाडंबी आम्हीच देतो." बीडीएसला चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप; शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक विभागात ठरावीक केसेस स्वतःच्या हातानं करून सह्या घ्यायच्या असतात. पेशंटच नसला तर पोरगं काय करणार? घरातल्या आत्या-मावशीचे दात किती दिवस पुरणार?

दुसऱ्या ठिकाणी जिन्यापासूनच गर्दी. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया, टोपी मांडीवर ठेवून बसलेले म्हातारे. मी पण केसपेपर काढला. दात साफ करायचेच होते. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली, हात बारीक थरथरत होता. मी आ वासून पडलेलो, पण नजर तिच्या बोटांवर. मागून मॅडम आल्या, ओरडल्या नाहीत, तिच्या अनामिकेला आपल्या बोटानं टिचकी मारली, "फिंगर रेस्ट कुठाय?" पोरीनं अनामिका माझ्या शेजारच्या दातावर टेकवली आणि थरथर जागच्या जागी बंद.

तिथं मी उठून बसणार होतो. पंधराव्या वर्षी मला वडिलांनी हेच शिकवलं. कोरायची सळई चालवायची ती बोटाच्या टोकानं, पण एक बोट लाकडाला टेकलेलं पाहिजे. टेका सुटला की साजाच्या पानावर रेघ गेलीच म्हणून समजा. ज्या कॉलेजात टिचकी मारायला माणूस उभा आहे, तिथं पोरगी शिकेल.

काम झाल्यावर प्रोस्थोच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या विभागाच्या, लॅबमध्ये डोकावलो. मेणाचा दात, त्याला स्प्रू (धातू आत जायची वाट), वरून इन्व्हेस्टमेंट (साच्याचा लेप), भट्टीत मेण जाळायचं आणि फिरत्या मशिनवर वितळलेला धातू आत फेकायचा. अहो, हे तर आमचं कास्टिंग! दातांच्या कामात ही पद्धत टॅगार्ट नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1907 मध्ये आणली. आमच्याकडं मेण जाळून मूर्ती ओतायचं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तंत्रज्ञाशी स्प्रूच्या जाडीवरून माझी पंधरा मिनिटं चर्चा झाली. शेवटी त्यानं विचारलं, "सर, तुम्ही प्रोस्थोचेच का?" म्हटलं, "नाही, गुजरीचा."

या कॉलेजचं वाईटही सांगतो. लेडीज होस्टेलचं पाणी बेभरवशाचं, असं तिथल्याच मुलींनी सांगितलं. लायब्ररी संध्याकाळी लवकर बंद होते. इंटर्नना स्टायपेंड किती हे ऑफिसात विचारलं तर विषय बदलला. इंटर्नलाच गाठून विचारा, तो बरोब्बर सांगतो.

तिसरं कॉलेज ठीक. पेशंट होते, शिक्षक होते, पण पहिल्या वर्षाच्या मुलांनी मेणाच्या ठोकळ्यातून कोरलेले दात काचेच्या कपाटात सगळे एकसारखे. एकाच हाताचं काम, हे मला लांबूनच दिसलं. कुणी कोरून दिले, देव जाणे. 

येताना दुसऱ्या कॉलेजातल्या एका मुलीनं लेकीला बिघडलेला मेणाचा ठोकळा दिला होता. रात्री दुकान बंद झाल्यावर लेक माझ्या पाटावर बसली. दाढेचे उंचवटे काढता काढता दोन वेळा मेण तुटलं. मी हात पुढं केला तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही नका. मी करतो." (आमच्याकडं पोरीपण 'करतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.) अकरा वाजता दाढ झाली. वाकडी, पण दाढ. आणि अनामिका पाटाला टेकलेली.

प्रेफरन्स फॉर्ममध्ये दुसरं कॉलेज एक नंबरला टाकलंय. आता राउंडची वाट. कुठल्याही डेंटल कॉलेजात यंदा इंटर्नशिप संपवणारं कुणी असेल आणि आर्टिक्युलेटर (जबड्याची हालचाल दाखवणारं यंत्र), मायक्रोमोटर (घासायचं छोटं मशिन) विकायचं असेल तर कळवा. नवा सेट घ्यायच्या आधी एकदा जुना हातात घेऊन बघणार.