ट्रेलर ओढताना जादा गॅसचा (म्हणजे पेट्रोलचा) कॅन : एका सीझननंतरचा अनुभव (कॅन झकास, तोटी भिकार)

कॅनची तोटी तडकली, बदलून आली तीही गळते, म्हणून कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसला आज परत ईमेल टाकला आणि तिकडून तेच छापील उत्तर आलं, 'आपल्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत, कृपया फोटो पाठवा.' अहो, फोटो तीन वेळा पाठवलेत. म्हटलं आता इथेच लिहून काढावं, निदान कोणाचे तरी पैसे वाचतील.

माझी गाडी जुनी घेतलेली फोर्डची एफ-१५० पिकअप, २.७ इकोबूस्ट इंजिनवाली, टाकी २३ गॅलनची. याच गाडीला ३६ गॅलनच्या टाकीचा ऑप्शन होता हे मला ट्रेलर घेतल्यावर कळलं, तेव्हा ते सोडा. मागे २५ फुटी राहायचा ट्रेलर, भरलेला साडेपाच हजार पौंडांच्या आसपास. रिकामी गाडी हायवेला गॅलनमागे २२ मैलांचं मायलेज देते, ट्रेलर लावला की ८ ते ९, आणि समोरून वारा असला की ७. मोठी टाकी बसवून घ्यायची चौकशी केली होती, आकडा ऐकून फोन ठेवला. डिझेलवाल्यांची मजा असते, बेडमध्ये (पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात) मोठा जादा टँक टाकला की मोकळे. पेट्रोलचं तसं नाही, वाफ लगेच पेट घेते म्हणून नियमही कडक आणि पर्यायही कमी. उरला कॅन.

पहिला घेतला लाल प्लास्टिकचा, ५ गॅलनवाला, पंचविसेक डॉलर. त्याबद्दल फार लिहीत नाही. तोटीला स्प्रिंगचं कुलूप, हिरवं बटण दाबा, मग मागे ओढा, मग टाकीच्या कडेला टेकवून रेटा, एवढं केल्यावर निम्मं पेट्रोल टाकीत आणि बाकीचं बुटावर. इथे अमेरिकेत २००९ पासून नियम आहे की तोटी आपोआप बंद झाली पाहिजे, वाफ हवेत जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण वाफ अडवायच्या नादात आख्खं पेट्रोल जमिनीवर सांडतं, त्याला काय म्हणायचं? तो कॅन आता लॉनमोअरच्या सेवेत आहे.

मग घेतला लोखंडी, मिलिटरी पद्धतीचा २० लिटरचा, आणि त्याच जोडीचा दुसरा. एकेक शंभर डॉलरच्या घरात. हो, दोन कॅनचे दोनशे. बायको म्हणाली एवढ्यात एक रात्र चांगल्या हॉटेलात झोपलो असतो. मी म्हटलं हॉटेलात झोपायचं असतं तर ट्रेलर कशाला घेतला असता, आणि विषय तिथे थांबला.

कॅनला मात्र नाव ठेवायला जागा नाही. हे डिझाइन जर्मन सैन्याचं, १९३७ च्या सुमाराचं, पुढे युद्धात दोस्त सैन्यानेही उचललं. वर तीन मुठी, म्हणजे एकट्याने मधली धरून उचला नाहीतर दोघांनी कडेच्या धरून. आत वर हवेची जागा राहते, आणि तोंडापासून त्या जागेपर्यंत एक छोटी हवेची नळी, त्यामुळे ओतताना गुडूगुडू न करता सरळ धार पडते. झाकण खटक्याचं, हरवायची भीती नाही. भरलेला कॅन साधारण ४३ पौंड होतो, म्हणजे आपल्या हिशेबात १९-२० किलो. सगळ्या सीझनमध्ये वाळवंटाच्या उन्हात, धुळीत, खडबडीत रस्त्यावर एक थेंब गळला नाही. आणि त्याला दिलीय तोटी कसली, तर नव्या नियमातली, प्लास्टिकच्या कॉलरची (कॅनच्या तोंडावर बसणाऱ्या कड्याची), वेगळी विकत घ्यायची. म्हणजे जर्मनांना जे १९३७ साली जमलं त्याच्या तोंडावर आजच्या माणसाने बूच मारून ठेवलंय.

हा सगळा राग कुठून आला तेही सांगतो. डेन्वरहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला मेव्हण्याकडे निघालो होतो, आय-७० हायवेने युटा आणि पुढे नेवाडातला यूएस-५०. तो रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, ज्याला 'अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता' म्हणतात तोच. त्याआधी आय-७० वरही ग्रीन रिव्हर ते सलायना साधारण ११० मैल काहीही नाही, पंप नाही, वस्ती नाही, नुसते खडक. पण तिथे ग्रीन रिव्हरला टाकी भरून निघालं की प्रश्न येत नाही, चढ असला तरी पोचतो. खरी गंमत नेवाडात. ईलीहून युरेका ७७ मैल, युरेकाहून ऑस्टिन ७०, ऑस्टिनहून फॅलन ११०. नकाशावर बघाल तर म्हणाल ऑस्टिनला भरा की, कॅन कशाला? मीही घरी बसून हेच म्हणत होतो. पण ऑस्टिन डोंगराच्या उतारावर वसलंय, आणि मागे ट्रेलर असला की तुम्ही पंप बघत नाही, वळायला जागा बघता. गाडी आणि ट्रेलर मिळून माझी ४५ फुटांची वरात, चुकीच्या पंपात शिरलो तर बाहेर पडायला मागून येणाऱ्या चार जणांना हात जोडायला लागतात. म्हणून ऑस्टिनला थांबलोच नाही, युरेकाला भरलेल्या टाकीवर फॅलन गाठायचं ठरवलं. १८० मैल, ८ चं मायलेज धरलं तर साडेबावीस गॅलन. टाकी २३ ची. आणि समोरून वारा. स्क्रीनवरचा 'किती मैल जाईल' तो आकडा रस्त्याच्या मैलांपेक्षा भराभर उतरत होता, बायको तो आकडा मोठ्याने वाचत होती आणि मी एसी बंद केला होता.

ठरल्याप्रमाणे फॅलनच्या अलीकडे सँड माउंटनच्या फाट्यावर कॅन ओतायला बाजूला घेतलं. दोन पोरं गाडीत, बाहेर वारा इतका की दार धरून उघडायला लागलं. पहिल्या कॅनचं झाकण उघडायच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवा, कॅन घरी ५,००० फुटांवर भरलेला, वाटेत आयझेनहॉवर टनेल म्हणजे ११,१५८ फूट, मग खाली वाळवंटाचं ऊन, आत वाफेचा दाब चांगलाच भरतो, लोखंडी पत्रा फुगून पोट काढल्यासारखा दिसतो. खटका एकदम उघडलात तर तोंडावर फवारा. अंगठा झाकणावर दाबून खटका अर्धा उचलायचा, सुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा, मग उघडायचं. हे व्यवस्थित झालं. तोटी बसवली, वाकवली, आणि कॉलर कट्‌कन् तडकली. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून शर्टात. दुसऱ्या कॅनची तोटी लावून पाहिली, ती गाडीच्या तोंडातला पडदाच उघडेना!

हा दुसरा मुद्दा, फोर्डवाल्यांनी नीट वाचा. आपल्या गाड्यांना झाकण नसतं, आत स्प्रिंगचा पडदा असतो, तो फक्त पंपाच्या नोझलच्या मापाने उघडतो. कॅनच्या बारीक तोटीने उघडत नाही. त्यासाठी गाडीसोबत एक प्लास्टिकचं नरसाळं दिलेलं असतं. जुनी गाडी घेतली असेल तर आधी ते नरसाळं जागेवर आहे का बघा, आधीच्या मालकाने गॅरेजात टाकलेलं असू शकतं. माझं होतं, देवाची कृपा. शेवटी तोटी फेकली, बायकोने नरसाळं धरलं, मी कॅन मांडीवर टेकवून उघड्या तोंडाने ओतला. नीट धार पडली, त्या हवेच्या नळीची करामत. दहा मिनिटांत सुटलो. म्हणजे ज्याला तोटी लागतच नाही त्या कॅनवर मी तोटीसाठी जादा पैसे मोजले होते.

आता सर्व्हिस. फोटो पाठवले, ते म्हणाले पावती पाठवा. पावती पाठवली, ते म्हणाले हे 'नेहमीच्या वापरातली झीज' आहे. एका मोसमात प्लास्टिक झिजतं का हो? खूप कटकटीनंतर एक तोटी फुकट पाठवली, तीच, त्याच कॉलरची, आणि तिच्यातलं रबरी वॉशर आधीच वाकडं. ती लावून घरी पाण्याने टेस्ट केली, थेंब थेंब गळते. त्यावर परत ईमेल आणि परत 'फोटो पाठवा'.

खर्चाचंही बोलून घेऊ, कारण मी मुळात वाचवायला निघालो होतो. असल्या एकट्या गावांत आणि कॅलिफोर्नियात गॅस महाग, म्हणून घरून स्वस्त भरून न्यायचा असा माझा विचार होता. हिशेब करा, कॅनमध्ये ५ गॅलनच्या थोडं वर. गॅलनमागे एक डॉलर वाचला तरी कॅनमागे पाच डॉलर. शंभरच्या कॅनचे पैसे वसूल व्हायला असे वीस कॅन ओतायला हवेत, त्यातून पाठदुखीचा खर्च वेगळा. त्यामुळे बचतीसाठी कोणी घेत असेल तर घेऊ नका. एक फायदा मात्र झाला जो डोक्यात नव्हता. कोलोराडो-युटाच्या उंच भागात साधा गॅस म्हणून ८५ ऑक्टेन (पेट्रोलचा ग्रेड सांगणारा आकडा) विकतात आणि गाडीचं पुस्तक सांगतं ८७ च्या खाली जाऊ नका, ट्रेलर ओढताना तर वरचाच घाला. मी घरूनच कॅनमध्ये ९१ भरतो. आडगावात वरचा ग्रेड नसेल तर थोडा ८५ आणि वर कॅनमधला असं मिसळून वेळ निभावते.

आणि खरं सांगायचं तर नंतरच्या ट्रिपांमध्ये कॅन गाडीपेक्षा जनरेटरलाच जास्त लागला. हूकअप (ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागी राहतो तेव्हा माझा २२०० वॉटचा होंडा लागतो, त्याची टाकी गॅलनभराचीसुद्धा नाही, रात्री भरायला लागतोच. तेव्हा आधी मी दोन कॅन घ्या म्हणून सगळ्यांना सांगत होतो, आता म्हणेन एक पुरे. दोन कॅन म्हणजे ८५-८६ पौंड, आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा, त्यावर पेलोड, म्हणजे गाडीवर एकूण किती वजन चालतं ते, लिहिलेला असतो. ट्रेलरच्या जिभेचं वजन (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर येणारा भार), चार माणसं, कूलर, सायकली, बायकोच्या आईने दिलेला भाजणीचा डबा, सगळं त्यातूनच वजा होतं. माझ्याकडे शंभरेक पौंड उरतात, त्यातले ८६ पेट्रोलला द्यायचे? एका कॅनने ४० मैल मिळतात, तेवढ्यात ट्रेलर शिरेल असा मोठा पंप बहुतेक गाठता येतो.

ठेवायचं कुठे, तर बेडमध्ये केबिनला चिकटून, उभा, कडीला रॅचेट पट्ट्याने आवळून. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावणारे बघितलेत, तो बंपर पातळ पत्र्याचा असतो आणि मागून कोणी ठोकलं तर काय होईल ते सांगायला नको. गाडीच्या आत तर अजिबात नाही, वाफेने डोकं दुखेल हे सोडाच. बेडवर बंद कव्हर असेल तर वाफ कोंडते, मी पुढचा भाग उघडा ठेवतो. भरताना कॅन खाली जमिनीवर उतरवायचाच, बेडमध्ये ठेवून भरायचा नाही, बेडच्या प्लास्टिकच्या लायनरवर (अस्तरावर) स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडायला तेवढं पुरतं. पंपावर हे लिहिलेलं असतं, पण कॅन जड म्हणून लोक आळस करतात. काठोकाठ भरू नका, गरम झाला की फुगतो. आणि पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, मी दीड-दोन महिन्यांनी कॅन गाडीत ओतून टाकतो आणि नवा भरतो.

अजून एक. २०२३ च्या जुलैपासून नव्या कॅनच्या तोंडात बारीक जाळी असते, ज्वाळा आत जाऊ नये म्हणून. धार थोडी मंदावते, सायफनची नळीही आत शिरत नाही, त्यामुळे बरेच जण ती पक्कडने उपटून काढतात. एका ओळखीच्याने मलाही हाच सल्ला दिला. तोटीवर मी कितीही चिडलो असलो तरी जाळीला हात लावलेला नाही आणि तुम्हीही लावू नका, पोरं आसपास असताना पेट्रोलची वाफ आणि कॅम्पफायर ही जोडी नको. मिनिटभर जास्त लागतो, लागू दे.

सध्याची माझी व्यवस्था अशी, एक लोखंडी कॅन, त्याला तोटी नाही, गाडीचं नरसाळं आणि जनरेटरसाठी एक वेगळं छोटं नरसाळं झिपलॉकमध्ये, नायट्राइलचे हातमोजे, जुना पंचा. दुसरा कॅन विकायला काढलाय, ऐंशी डॉलर, डेन्वरच्या आसपास कोणाला हवा असेल तर. तोटी फुकट देईन, गळकी आहे हे आधीच सांगून. आणि खटक्याच्या झाकणाचं रबरी गास्केट सुटं कुठे मिळतं हे कोणाला माहीत असेल तर कळवा, कंपनी म्हणते आख्खं झाकण घ्या, तेही तोटीसकट.